झुकलेल्या पायांचा प्लग

मला दोनच पाय आहेत, आणि तेही एकमेकांकडे झुकलेले. हसू नका, त्या झुकण्यामुळेच माझं नशीब उघडलं.

साठेक वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या आर्नहेम गावी वित्स्के नावाच्या इंजिनिअर मुलीनं मला घडवलं. तिचे वडील डाउवे ऱ्हाईन नदीवर मालाची बोट चालवायचे. वाटेत चार देश, आणि प्रत्येक देशाच्या भिंतीत सॉकेट निराळं. एकदा स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला त्यांच्या विजेच्या दाढीच्या यंत्राचा प्लग कुठेच बसेना, म्हणून पुतण्याच्या लग्नात ते आठवड्याची दाढी घेऊनच उभे राहिले.

"नवरी विचारत होती, हा दरोडेखोर कुणाकडचा," घरी आल्यावर ते म्हणाले. "पोरी, तुमच्या हापिसात एवढे शिकलेले लोक बसून करतात तरी काय?"

सगळीकडे चालेल असा प्लग शोधणं हेच तिचं काम होतं. पण माझी सरळ पायांची थोरली भावंडं कुठे अडकायची, कुठे गळून पडायची. मग वित्स्केनं माझे पाय लवचीक केले आणि पक्कडीनं जरासे आत वळवले.

"हा वाकडा झालाय, फेकून दे," साहेब म्हणाले.

"झुकलाय, साहेब. त्यामुळे तो भोकात धरून राहील."

मला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या सगळ्या देशांच्या समितीसमोर एकच संधी होती. फळीवर सहा देशांची सॉकेटं मांडली होती. डाउवे मला जोडलेलं दाढीचं यंत्र घेऊन आले आणि एकेका सॉकेटात मला खोचत गाल घासू लागले. पाचव्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. सहाव्या, स्विस सॉकेटात यंत्र गप्प. वित्स्केचा चेहरा पडला.

तेव्हा समितीतले, आमच्या विरोधात सगळ्यात जास्त बोललेले स्विस गृहस्थ उठले. "आमच्या सॉकेटात काही दोष नाही," असं म्हणत त्यांनी मला अंगठ्यानं नीट आत दाबलं. यंत्र गुणगुणायला लागलं. आता विरोधात मत कसं देणार? बिचारे माझ्या बाजूनं हात वर करून बसले.

मला मंजुरी मिळाली, पण फक्त दिवा, रेडिओ अशा किरकोळ कामांसाठी. इस्त्री, शेगडी मला झेपत नाही. इंग्लंडात तर मला अजून कोणी दारात उभं करत नाही.

आता मी वित्स्केच्या स्वयंपाकघरात रेडिओला जोडलेला आहे. वयानं तिची बोटं थरथरतात, मला धरता येत नाही, म्हणून ती वायर धरून ओढते. मान दुखते, पण तिचं मी चालवून घेतो. तुमची बोटं धडधाकट आहेत. तुम्ही मला कमरेला धरूनच काढा.