पायांचा फोटो

हरिबाने दुकानाच्या काचेवर बोट ठेवलं, ते नेमकं आतल्या फोटोतल्या नवरदेवाच्या बुटांवर.

"असं पाय निगालं पायजेत," तो म्हणाला. "पर नाचताना."

भिंग पुसता पुसता आनंदराव थांबला. भोरात त्याचा स्टुडिओ संस्थान होतं तेव्हापासूनचा. नवरानवरी, पेन्शनर, बारशाची बाळं, एकदा तर कुणाचा तरी नुकताच वारलेला सासरा खुर्चीत बसवून, असं सगळं त्याने काढून झालं होतं. नुसते पाय काढा म्हणणारं गिऱ्हाईक मात्र हे पहिलंच.

"कुणाचे पाय?"

"ल्योकाचं. हैबतीचं. शिवऱ्याच्या जत्रंत कुंडलिकाचा तमाशाचा फड यायचाय उद्या. त्यात नाचतोय त्यो, डोक्यावर भरलेला तांब्या घिऊन."

"मग तुम्हीच जाऊन बघा की. शिवरं काय काशी-रामेश्वर आहे?"

म्हातारा घोंगडीच्या दशा कुरवाळत बसला. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला त्याची वाडी. मेंढरांशिवाय कुणाशी फारसं बोलायची सवय नसावी. पण एकदा बोलायला लागला तसं सगळं बाहेर आलं. दसऱ्याला पोराने फडात जायचं काढलं. धनगराच्या पोराने पायात घुंगरू बांधायचे म्हणजे झालं काय, हरिबाचं डोकंच फिरलं. बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून, देवाच्या हळदीची शपथ घेऊन तो चारचौघांत ओरडला, की फडात पाय ठेवलास तर तंगडं मोडून पडेल तुझं, आणि तुझं तोंड मी पुन्हा बघणार नाही. पोरगा गेला तो गेलाच. पौषात बातमी आली, की घाटात फडाची गाडी उलटली आणि एका गड्याचा पाय दवाखान्यात कापावा लागला. कुणाचा, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

"पत्र आलं असेल ना त्याचं?"

"आलं. मास्तरनी वाचलं. खुशाल हाय म्हनं. पत्रात समदीच खुशाल असत्यात, मालक. लोकबी म्हनत्यात, बरा हाय, नाचतोय. मला बरं वाटावं म्हून म्हनत्यात. त्याची आय, धोंडाबाई, रोज इचारती, हैबतीचं काय कळलं का? आन म्या रोज तिला खोटं सांगतो. तंगडं मोडंल, ह्ये माज्याच त्वांडातनं निगालं व्हतं न्हवं."

आनंदरावाला वाईट वाटलं. "काळजी करू नका. उद्या दिवसाउजेडी त्याला उभा करतो आणि झकास फोटो काढतो."

"उभा करून नगं!" म्हातारा एकदम खेकसला. "आमच्या भागूबाईचा जावई एका डोळ्यानं अधू हाय. फोटू तुमीच काढलाता. त्यात दोनी डोळं हायती."

तो डोळा आनंदरावाने स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने भरला होता, आणि तेव्हा त्याला आपल्या कसबाचा केवढा अभिमान वाटला होता!

"नाचतानाच पायजे," हरिबा उठत म्हणाला. "आन त्वांड नगं. भंडारा उचललाय म्या."

दुसऱ्या दिवशी शिवऱ्यात दिवेलागणीलाच कनात गच्च भरली. आनंदरावाने मंचापुढे तिपाई रोवली, कॅमेरा चढवला आणि फ्लॅशचा दिवा बाहेर काढला, तसा फडाचा मालक कुंडलिक धावत आला.

"ह्ये काय पेटिवनार तुमी?"

"उजेड. अगदी क्षणभर."

"कनातीभाईर दीडशे गाड्या सुटल्यात, पावनं. तीनशे बैल. ईज पडली म्हून एकानं जरी दावं तोडलं, तर उद्यापासनं आमी समदी फोटूतच ऱ्हाऊ."

दिवा मुकाट पेटीत गेला. राहिल्या तीन गॅसबत्त्या, आणि त्यातली एक फुरफुरत होती. एवढ्याशा उजेडात कॅमेऱ्याची झडप निदान अर्धा सेकंद उघडी ठेवायला हवी. अर्ध्या सेकंदात माणूस 'राम' म्हणतो. हैबतीचे पाय तेवढ्यात चार ठिकाणी जाऊन परत येत.

पोरगं नाचत होतं ते मात्र बघण्यासारखं. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर काठोकाठ भरलेला तांब्या, मान खिळा ठोकल्यासारखी, चेहऱ्यावर मिश्कील हसू. आणि खाली दोन पाय, दोन्ही धडधाकट, ढोलकीशी कडाकडा भांडत होते. आनंदरावाने हुश्श केलं. चला, म्हातारा सुटला. आता तेवढा एक फोटो घ्यायचा, की आपणही सुटलो.

ढोलकी थांबली की पाय थांबतील, अशा बेताने तो बटणावर बोट ठेवून उभा राहिला. ढोलकी थांबली, बाकीचे नाचणारे थांबले. हैबतीने तेवढा एक ठेका जादा मारला. लोक खो खो हसले. पुढच्या वेळी त्याने दोन जादा मारले. सोंगाड्याच तो, थांबायची जागा आली की त्याला हटकून खोडी सुचायची. आठ फोटोंची फिल्म संपली. तांब्यातला एक थेंब सांडला नाही, आणि आनंदरावाचा सदरा मात्र घामाने पाठीला चिकटला.

सकाळी डार्करूममध्ये त्याने आठही फोटो धुतले आणि कपाळावर हात मारला. चेहरा असा स्वच्छ आला होता, की दाढीचे खुंट मोजावेत. गुडघ्याखाली मात्र नुसता धूर. म्हाताऱ्याला नको होतं ते लख्ख, आणि हवं होतं तेवढंच गायब!

मग आनंदरावाने बारीक ब्रश घेतला. टाच, घोटा, पाच-पाच बोटं, पायातले घुंगरूसुद्धा त्याने एका प्रतीवर निगुतीने भरून काढले आणि कमरेच्या वरचा भाग कात्रीने उडवला. यात खोटं ते काय? पाय तर आपण आपल्या डोळ्यांनी बघितलेत, असं त्याने स्वतःला दोनदा समजावलं. चेहरा फार झकास आला होता म्हणून दुसरी एक प्रत त्याने अख्खीच ठेवून दिली, खणात.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दुकान उघडतानाच हरिबा पायरीवर हजर होता. त्याने फोटो घेतला आणि दारात उजेडाला धरला. मग हळूच खाली बसला.

"ह्ये पाय हैबतीचं न्हाईत."

"अहो, त्याचेच आहेत."

"त्याचा डावा पाय भाईर पडतो. रांगत व्हता तवापासनं. ह्यो सरळ हाय, द्येवाच्या तसबिरीत असतोय तसा. डावाच गेला व्हय त्याचा? आन तुमी काढून बसिवला?"

"नाही हो, नाही! दोन्ही पाय बघितलेत मी. शपथ घेऊन सांगतो."

"शपत म्याबी घेतली व्हती," हरिबा म्हणाला, आणि त्याने फोटो पायरीवर पालथा ठेवला.

यापुढे बोलून उपयोग नव्हता. ज्याने आंधळ्या डोळ्याला बुबुळ दिलं, त्याच्या शपथेला कोण विचारतो? आनंदरावाला स्वतःची लाज वाटली. त्याने खण उघडला आणि दुसरी प्रत आणली.

"हा खरा. बिघडलाय म्हणून दिला नव्हता. जपून, तोंड आहे त्यात."

हरिबाने आधी अंगठा चेहऱ्यावर ठेवला, घट्ट. मग तो फोटोवर वाकला. गुडघ्याखाली करड्या रंगाचे दोन फराटे होते, आणि घुंगरांच्या जागी उजेडाच्या बारीक रेघा.

"ह्ये का आलं न्हाईत?"

"हलतात म्हणून. थांबतं तेवढंच येतं फोटोत. तुमचं कार्टं एका जागी थांबेल तर ना!"

"दोनी हलत्यात?"

"दोन्ही."

म्हाताऱ्याने मान वर केली. "लाकडाचा पाय असा हलंल?"

आनंदराव त्याच्याकडे बघतच राहिला. "कसा हलेल? लाकडाचा असता तर झकास आला असता की हो."

हरिबा पुन्हा फोटोत शिरला. त्याचं बोट एका फराट्यावरून फिरत गेलं, आणि कडेला जाऊन थांबलं.

"ह्यो बगा, ह्यो डावा! भाईर पडतोय."

आणि म्हातारा हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, त्या पुसायला त्याने हात उचलला, आणि अंगठा चेहऱ्यावरून निघाला. आनंदरावाने चेहरा झाकायला घाईने आपला तळवा पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," हरिबा म्हणाला. त्याने पोराचा चेहरा पोटभर बघून घेतला. "हसतंय बगा गाढव. वाळलंय जरा."

"आणि भंडाऱ्याचं काय?"

"बिरोबा आमचाच द्येव हाय. धनगराचा राग त्याला म्हाईत हाय."

त्याने फोटो घोंगडीच्या घडीत ठेवला, वरून दोनदा चाचपला आणि पायरी उतरला. उतरल्यावर मागे वळून म्हणाला,

"शिवऱ्याची एस्टी कितीला हाय?"

"शिवऱ्याची? तुम्हाला वेल्ह्याला जायचं ना? धोंडाबाई वाट बघत असतील."

"तिला सांगू काय मग?" म्हातारा म्हणाला. "तांब्यातलं पानी सांडतंय का न्हाई, त्ये फोटूत कुठं कळतंय?"