घडीचा पाळणा

त्र्याहत्तर सालची दिवाळी उरकली आणि पाथर्डीकडच्या गाड्या ऊसतोडीला निघायची वेळ झाली. रंगुबाईला मात्र आठ दिवस आधीपासूनच एकच घोर लागला होता. बनू चार महिन्यांची. फडावर दिवसभर तिला निजवायचं कशात?

सासूला, साळूबाईला, यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. "झाडाला झोळी बांधायची, न्हाईतर दुरडीत टाकायचं. माझी चार तशीच वाढली," ती म्हणे. झाली होती सहा, पण हे सासूला कोण सांगणार?

तोडीला जायचं त्या प्रवरेकाठच्या बागायतीत मैल मैल नुसता ऊस. झोळीला झाड आणायचं कुठून? आणि दुरडी म्हटली की रंगुबाईला मागल्या सालचा फड दिसे. त्यांच्याच टोळीतल्या लंकाबाईचा तान्हा मुलगा बांधावर दुरडीत निजला होता, उसाच्या वाळल्या पाचटातून साप आला. लंकाबाईनं हंबरडा फोडला तेव्हा रंगुबाई तीन सऱ्या पलीकडे मोळी बांधत होती. तो आवाज अजून तिच्या कानातून गेला नव्हता.

शेवटी तिनं नवऱ्याच्या, कानिफनाथच्या, मागे लागून पाथर्डीच्या बाजाराच्या दिवशी कारभारी सुताराचं दुकान गाठलं. दुष्काळी कामावर साहेबाच्या तंबूत कारभारीनं घडीची खाट पाहिली होती. तिच्यावरून त्यानं तान्ह्या पोरासाठी पाळणा केला होता. कातरीसारखे पाय, मध्ये ताणलेलं जाडंभरडं कापड. मिटला की काखेत मावे.

"कुटंबी न्या, कुटंबी मांडा. पोर निजलेलं असलं तरी अल्लाद उचलून सरकवता येतंय," कारभारी म्हणाला. कानिफनाथ खेळणं मिळाल्यासारखा तो उघडत-मिटत बसला. रंगुबाईनं एवढंच विचारलं, "जिमिनीपासनं किती उंच?"

"हातभर."

"साप चढंल का?"

मघापासून गिऱ्हाइकांच्या टोप्या उडवणारा कारभारी पाळण्याच्या पायांकडे बघू लागला. "पायाखाली पान्याच्या करवंट्या ठेव. मुंग्या तर न्हाई चढायच्या," तो म्हणाला. सापाबद्दल तो काही बोलला नाही. तरी तिनं पाळणा घेतला. दुसरं घेण्यासारखं होतंच काय?

तिला दुसरीही एक भीती होती, आणि तिची तिला लाज वाटे. ती लंकाबाईची. पोर गेल्यापासून टोळीतल्या बाया आपली लेकरं तिच्यापासून लपवत. "तिचा हात लागू देऊ नगंस, सावलीबी नगं. रिकाम्या कुशीची नजर लई वंगाळ," साळूबाईनं निघतानाच बजावलं होतं. लंकाबाई समोरून आली की रंगुबाई बनूवर पदर ओढी. लंकाबाईला ते दिसे आणि ती दुसरी वाट धरी. आपण वाईट वागतोय हे रंगुबाईला कळत होतं. पण भीतीपुढे तिचं काही चालत नव्हतं.

तोडीच्या बाराव्या दिवशी टोळी आप्पासाहेब बागायतदारांच्या फडात होती. बांधावर पाळणा, पायांखाली पाण्याच्या चार करवंट्या, वर लुगड्याचा आडोसा. पाच मोळ्या बांधल्या की रंगुबाई उठून बघून येई. साळूबाई चिडे, "अगं, पोर पळून जातंय व्हय?" दुपारी गाडी भरायची होती. मोळी डोक्यावर घेऊन रंगुबाई रस्त्यापर्यंत दहा-बारा खेपा घालून आली. कानिफनाथ गाडी घेऊन कारखान्याकडे गेला आणि ती बांधाकडे वळली.

बांधावर चार करवंट्या होत्या. पाळणा नव्हता.

सासूनं सावलीत नेला असेल, असं म्हणत ती साळूबाईकडे धावली.

"मी न्हाई गं! मी तर बैलांसाठी वाढं बांधतीया मघाधरनं."

मग कुणी? आणि तेवढ्यात तिला धूर दिसला. आप्पासाहेबांच्या गड्यानं ऊस तोडून झालेल्या तुकड्यातलं पाचट पेटवलं होतं. वारं फिरलं होतं आणि आग बांधाला लागून पळत होती. झाडाला झोळी बांधली असती तर झाड कुठे जाणार होतं? कुणीही उचलावं, कुठंही न्यावं, असला पाळणा आपणच पारखून आणला. आपल्याच हातांनी.

"लंकी कुटं हाय?" साळूबाई एकदम म्हणाली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. लंकाबाईही कुठे दिसत नव्हती. साळूबाईनं कपाळावर हात मारला. "न्हेली गं पोर! म्या सांगत हुते!"

रंगुबाई धुरात घुसली. डोळे झोंबत होते, जळतं पाचट पोटऱ्यांना चिकटत होतं. तिनं ओरडायला तोंड उघडलं तर नुसता खोकला आला. पोराचं रडणं कुठेच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. पाटाच्या चारीतल्या पाण्यातून ती पलीकडे गेली आणि उभ्या उसाच्या कडेला थबकली.

पाळणा तिथे होता. त्याच्या भोवतालचं सगळं पाचट हातानं ओढून काढलेलं, खाली मोकळी माती. पाळण्याकडे पाठ करून, कोयता घट्ट धरून लंकाबाई उभी होती आणि तिचे डोळे जमिनीवर होते. बनू मूठ चोखत पडली होती.

रंगुबाईनं झडप घालून पोर उचललं. पहिल्यांदा तिनं अंगडं काढलं. तळपाय, काखा, कानांमागे, सगळीकडे बघितलं. लंकाबाई ते बघत होती.

"हात न्हाई लावला मी," ती म्हणाली. "पाळन्यासकट उचलली."

"सांगायला यायचं हुतंस आक्का! माझा जीव गेला हुता!"

"हाका मारल्या. कुनाला ऐकू गेल्या न्हाईत."

"मग पळत यायचं!"

"आन् हिला एकली टाकू?" लंकाबाईनं कोयत्याची मूठ आणखी आवळली. "मागल्या साली पानी प्यायला गेल्ते मी, रंगू. तांब्याभर पान्यासाठी."

रंगुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारीपलीकडून साळूबाईच्या शिव्या जवळ येत होत्या. त्या ऐकून लंकाबाई दोन पावलं मागे सरली, सावली पोरावर पडू नये म्हणून.

"घे हिला," रंगुबाई म्हणाली.

"नगं. तुझी सासू येतीया."

"येऊ दे. घे आक्का, माझे हात कापत्यात. पडंल ती."

लंकाबाईनं कोयता खाली ठेवला, काजळीनं भरलेले तळवे लुगड्याला पुन्हा पुन्हा पुसले आणि बनूला घेतलं. घेताना तिनं डोळे मिटून घेतले होते. तिला स्वतःच्याच नजरेची भीती वाटत होती.

साळूबाई ऊस बाजूला सारत आली आणि जागीच थांबली. "रंगे! आधी पोर घे तिच्याकडनं!"

रंगुबाईची भीती गेली नव्हती. नजरेचीही नाही, सापाचीही नाही, सासूची तर नाहीच. पण तिनं हात पुढे केले नाहीत.

"राहू द्या आत्याबाई," ती म्हणाली. "ती आपनहून परत द्यायची न्हाई, तवर राहू द्या तिच्यापाशी."