घडीचं फूल

मूर्तिजापुरात मनकर्णेच्या हातची गोधडी एकदा अंगावर घेतली, की माणूस दुसऱ्या कुणाची मागत नसे. तिचा नवरा देवमन रेल्वेत गँगमन होता. ती स्वतः कापसाच्या मोसमात सरकी काढायच्या जिनात कामाला जायची आणि एरवी लोकांच्या गोधड्या शिवायची. टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, एका रांगेत.

१९६१ साली गावातल्या महिला मंडळानं शिवणवर्ग काढला, तेव्हा तीही जाऊ लागली. शिकवायला प्रमोदिनीबाई होत्या, वकिलांच्या घरच्या, पण मोकळ्या मनाच्या. एकदा त्यांनी एका जुन्या मासिकातलं चित्र सगळ्यांपुढे ठेवलं. गोधडीच्या मधोमध बसवायचा चौकोन होता तो. त्यात कापडाचं फूल, टोकदार पाकळ्या एकीवर एक चढलेल्या. ते कसं शिवायचं हे सांगणारं पान मात्र कुणीतरी फाडून नेलेलं. अमरावतीच्या प्रदर्शनात हेच मांडू, असं बाईंच्या मनात होतं.

बायांनी पाकळ्या कातरल्या, जोडल्या, पण कडांचे धागे निघाले आणि फूल उन्हातल्या पापडासारखं वाकलं. दोन दिवसांनी सगळ्यांनी नाद सोडला. मनकर्णेनं सोडला नाही. जिनात भाकर खाऊन झाली, की ती कागदाचा तुकडा घेऊन घड्या घालत बसायची. सोबतच्या बाया हसायच्या. चौथ्या दिवशी तिनं चौकोनी तुकडा मधोमध दुमडला, मग दुमडीचे दोन्ही कोपरे खाली मध्यावर आणले. झालं की टोक! कापलेली कड सगळी एका बाजूला गेली होती आणि त्या कडेवर पुढची पाकळी बसली, की कड दिसणारच नव्हती. कात्रीचं हे कामच नव्हतं.

तरी कापडावर पहिलं फूल फसलं. मधल्या चार पाकळ्यांची टोकं एकमेकांना मिळेनात, हरभऱ्याएवढं भोक राही. तीनदा उसवलं तिनं. शेवटी खालच्या कापडालाच आडव्या, उभ्या, तिरप्या घड्या पाडून रेघा उमटवल्या आणि त्या रेघांवर टोकं बसवली. मध्ये चार पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्यामागे आठ लाल, मग आठ निळ्या. भोवती पट्टी शिवली. प्रमोदिनीबाईंनी चौकोन हातात घेतला आणि उलटून मागचे टाकेही पाहिले. मग त्यांनी ठरवलं, की मनकर्णेनंही अमरावतीला यायचं.

प्रदर्शनात परीक्षक होत्या चारुशीलाबाई, शिवणकामात मोठं नाव असलेल्या. त्यांनी चष्मा पुसून फूल न्याहाळलं. कड इतकी स्वच्छ हातानं येत नाही, या पाकळ्या बाजारातून तयार आणून चिकटवल्या असणार, असं त्या म्हणाल्या. तेही प्रमोदिनीबाईंकडे पाहून. मनकर्णा जणू तिथं नव्हतीच.

प्रमोदिनीबाई बाजूला झाल्या. "काम हिचं आहे. हिलाच विचारा."

भोवती माणसं जमली. मनकर्णेचे कान तापले, पण हात स्थिर होते, नेहमीसारखे.

"बाई, मले कात्री द्या," ती म्हणाली.

पट्टीचे चार टाके तिनं कापले, टोकाचा एक टाका कापला आणि एक निळी पाकळी ओढून काढली. ती तळहातावर ठेवून एकेक घडी उलगडत गेली. शेवटी हातावर उरला तो चार बोटांचा अखंड निळा चौकोन.

"पाकळी कापली नाही मी. घडी घातली हाये. पाहा."

चारुशीलाबाईंनी तो तुकडा उचलला, उजेडात धरला, उलटासुलटा केला. मनकर्णेनं तो परत मागून घेतला, पुन्हा दुमडला, टोक रेघेवर बसवलं आणि सगळ्यांदेखत शिवला. कोणती पाकळी काढली होती, ते कुणाला ओळखू येईना.

चारुशीलाबाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. आपलं चुकलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाल्या, "पुन्हा दाखव. सावकाश." चौकोनाखालच्या चिठ्ठीवर नुसतं मंडळाचं नाव होतं. त्यांनी पेन काढून तिचं नाव विचारलं.

"मनकर्णा देवमन तायडे," ती म्हणाली. कुणी विचारलं तर ती एरवी नुसतं मनकर्णा सांगायची. आज तिनं पूर्ण सांगितलं आणि अक्षरं नीट उमटली का, ते वाकून पाहिलं.

संध्याकाळच्या गाडीनं ती परतली. देवमन फलाटावर उभा होता. पहिला नंबर आल्याचं तिच्या तोंडून ऐकून त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, आत चाचपलं आणि विचारलं, "फूल कोठी हाय?"

"अमरावतीलेच ठेवलं," मनकर्णा म्हणाली. "आणखी चार दिवस लोकं पाहतीन."

आणि ती त्याच्या पुढे चालू लागली.