ॲसाच्या हाडावरची चिठ्ठी

फिलाडेल्फियातल्या आमच्या हाडांच्या संग्रहालयात मी दारवान आहे, झाडपूसही माझ्याकडेच. तिसऱ्या कपाटात माझा स्वतःचा उजवा हात आहे, कोपरात गोळी रुतलेला. तो मी रोज डाव्या हाताने पुसतो. लोक हळहळतात. मी म्हणतो, कुठे ठेवलाय ते तरी मला माहीत आहे.

लॉइस टटल पहिल्यांदा आली ती सोमवारी. व्हरमाँटमधल्या एका खेड्यातल्या सुताराची मुलगी. तिचा धाकटा भाऊ ॲसा याला यादवी युद्धात गुडघ्याच्या जरा वर गोळी लागली, आणि पाय कापल्यावर तिसऱ्या दिवशी तो गेला. प्रेत घरी पोचलं, मांडीचं कापलेलं हाड सर्जनच्या चिठ्ठीसकट अभ्यासासाठी आमच्याकडे आलं. आमच्या छापील यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं : 'गोळी मागून शिरली. पळताना.' ती यादी त्यांच्या पाद्रीबाबांच्या हाती पडली. गावात धारातीर्थी पडलेल्यांच्या नावांचा दगड उभा राहत होता, त्यातून ॲसाचं नाव वगळलं गेलं.

"पुढच्या सोमवारी पाथरवट कोरायला बसणार," ती आमचे प्रमुख डॉ. लॅम्सन यांना म्हणाली. "माझा भाऊ पळणारा नव्हता. चिठ्ठी बदला आणि हाड मला द्या. त्याच्या थडग्यात पुरीन, असा आईला शब्द दिलाय."

आमचे डॉक्टर माणूस वाईट नाही, पण लिहिलेलं म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. "बाई, चिठ्ठी लिहिणारे सर्जन तिथे हजर होते. तुम्ही होतात का?"

"मी नव्हते. हाड होतं."

त्यांनी तिला फक्त काचेतून हाड दाखवलं आणि वाटेला लावलं. मंगळवारी, बुधवारी पुन्हा तेच. मी तिला म्हटलं, "ताई, इथे डोकं आपटून डोकंच फुटेल, दार नाही."

"मग तेही ठेवा तुमच्या कपाटात," ती म्हणाली. तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

गुरुवारी ती फळी आणि गिरमिट घेऊन आली. डॉक्टर जिन्यावरून उतरत होते, तर ही त्यांच्या वाटेतच फतकल मारून बसली, फळी दोन पायांत धरली आणि भोक पाडायला लागली. भुसा त्यांच्या बुटांवर पडला.

"गिरमिट इकडून घातलं. भोक बघा, गोल, स्वच्छ." तिने फळी उलटी केली. "आणि हे बाहेर पडलं तिथलं. ढलप्या निघाल्यात, भोक मोठं झालंय. सुताराच्या घरी हे शेंबड्या पोरालाही कळतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी फळी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. मग मला म्हणाले, "पीज, ते हाड काढ."

मी काढलं. समोर, गुडघ्याची वाटी बसते त्याच्या जरा वर, गोल भोक होतं. मागची बाजू फाटली होती. डॉक्टरांनी समोरच्या भोकात करंगळी घालून पाहिली. मोठं भोक तेच आत शिरण्याचं, असं त्या सर्जनने धरलं होतं, आणि 'पळताना' हे पदरचं जोडलं होतं.

"चार वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पाद्रीबाबांना आजच पत्र लिहितो. हाड तुमचं, घेऊन जा."

तिने ते उराशी धरलं. मला वाटलं, आता रडेल. पण तिने विचारलं, "त्या छापील याद्या परत येतील?"

"नाही. गावोगाव गेल्यात."

"म्हणजे मी हे पुरलं की उरणार ती यादी आणि तुमचं पत्र. उद्या कुणी म्हणेल, बहिणीने रडून लिहून घेतलं."



तिने हाड कपाटात परत ठेवलं, लहान भोक दाराकडे करून. "राहू दे इथेच. ज्याला शंका येईल त्याने यावं आणि बोट घालून बघावं."

"आणि आई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आईला सांगेन, आणलं नाही म्हणून." हाडावरचा हात काढत ती म्हणाली, "शब्द मी मोडला. ॲसाने नाही."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली : 'ॲसा टटल. गोळी समोरून शिरली.' मी ती हाडाला बांधायला घेतली, पण एका हाताने गाठ आवळेना. दोऱ्याचं दुसरं टोक तिने धरलं.