न तुटलेली तार

रविवारची प्रार्थना आटोपून नोर्बेर्तो जेर्मानोकडे जेवायला आला तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच.

नोर्बेर्तो हा जेर्मानोच्या धाकट्या लेकीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. टर्लॉक गावात गाड्यांची धूर-तपासणी करायचा. जेर्मानोची लाल रंगाची, दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार दर दोन वर्षांनी त्याच्याच हातून पास व्हायची.

"बुधवारी कॉलेजात नव्या तपासनिसांना शिकवायचंय," नोर्बेर्तो म्हणाला. "कारखान्यातून निघालं तसं इंजिन अख्ख्या जिल्ह्यात एकच उरलंय, तुझं. चार फोटो काढतो."

"आधी सूप घे."

"सूप कुठं पळून चाललंय? तू मात्र म्हातारा झालास, तुझा भरवसा नाही. चल, बॉनेट उघड."

खरी गोष्ट वेगळी होती. अकरा वर्षांपूर्वी जेर्मानोनं त्या इंजिनावरचा हवेचा पंप, धूर परत आत फिरवणाऱ्या नळ्या आणि गाडीखालचा धूर गाळणारा डबा, सगळं सोडवून काढलं होतं. गाडी हलकी झाली, आवाज मोकळा झाला, पाचेकोच्या घाटात बैलासारखी खेचू लागली. तसलीच गाडी असलेल्या, जिल्ह्याबाहेरच्या आणखी तिघांनीही तेच केलं. त्यांनी काढलेलं सामान भंगारात घातलं, जेर्मानोनं आपलं जपून ठेवलं. तेव्हापासून चौघांत तो एकच संच फिरत होता. ज्याची तपासणी जवळ येई, तो आदल्या दिवशी संच चढवी, पास होई, आणि उतरवून पुढच्याला देई. यात काही वावगं आहे असं जेर्मानोला कधी वाटलं नव्हतं. फोटोपुरता कोट उसना घ्यावा तसंच हे, असं तो म्हणे. आज तो कोट त्या तिघांतल्या एव्हारिस्तोच्या गाडीच्या अंगात होता.

"बॉनेट उघडत नाही," तो म्हणाला. "ओढायची तार तुटलीय."

"एवढंच ना? खालून हात घालून खिटी सरकवतो. पान्हे आण."

"राहू दे रे. तुझी कंबर धड नाही."

"कंबर माझ्या बायकोनं मोडली, गाडीनं नाही."

देल्फिना स्वयंपाकघराच्या दारात आली. "भाऊजी, चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर काय लोळताय?"

"पोतं टाकतो, वहिनी. तुमच्या नवऱ्याला तार बदलायचाही आळस. मी काय करू?"

नोर्बेर्तो पोतं टाकून गाडीच्या नाकाखाली सरकला. जेर्मानो त्याच्या डोक्याशी बॅटरीचा उजेड धरून बसला. शाबूत तार आत आपल्या जागी ताठ होती, आणि तिच्यापायी साठीचा माणूस सिमेंटवर पाठ घासत होता.

"मागच्या आठवड्यात झुल्मिराचा पिकअप परत पाठवला," नोर्बेर्तो खालून बोलत राहिला. "पंपच नव्हता त्यावर. तोच घेऊन डेअरीवर कामाला जाते बिचारी. रडली माझ्यापुढं. मी म्हटलं, बाई, जेर्मानोकडे बघ. पेन्शनवर जगतोय, पण एक नळी हलवली नाही त्यानं." मग म्हणाला, "बॅटरी नीट धर की. उजेड भलतीकडेच पडतोय."

"आणखी किती जणांना सांगितलंस माझं?"

"ज्याला ज्याला परत पाठवलं त्याला. तुझा फोटो भिंतीवर लावायचा राहिलाय, त्याचीच तर सोय चाललीय. आई गं."

नोर्बेर्तोचा हात घसरला होता. बोटांची सालटी निघाली आणि रक्त मनगटावरून प्रार्थनेसाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीत उतरलं. नोर्बेर्तोनं ते पँटला पुसलं आणि हात पुन्हा आत घातला.

जेर्मानोनं बॅटरी खाली ठेवली. गाडीचं दार उघडून त्यानं बॉनेटचा दांडा ओढला. खट् आवाज झाला, आणि नोर्बेर्तोच्या चेहऱ्यावर बॉनेट दोन बोटं वर आलं.

मग नोर्बेर्तो कण्हत बाहेर आला.

"तार तर शाबूत आहे."

"हो."

नोर्बेर्तोनं बॉनेट वर केलं. पंपाच्या जागेतून खालचं पोतं दिसत होतं. नळ्यांची भोकं जेर्मानोनं लोखंडी पट्ट्यांनी बुजवली होती. नोर्बेर्तोनं एका पट्टीवर बोट फिरवलं.

"काम सुबक आहे," तो म्हणाला.

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर जेर्मानोला बरं वाटलं असतं.

"म्हणजे दर वेळी चढवून आणायचास, आणि मी सही करायचो."

"अकरा वर्षं."

"मी झुल्मिराला आता काय सांगू, तेवढं सांग."

देल्फिनानं सूप निवतंय म्हणून हाक मारली. नोर्बेर्तोनं बाहेरच्या नळावर हात धुतला, रुमाल गुंडाळला आणि आत जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसला.

"फोटो चांगले आले का?" देल्फिनानं ताटली पुढे करत विचारलं.

नोर्बेर्तोनं सॉसेजचा तुकडा चमच्यानं दाबला. "आज उजेड नव्हता, वहिनी."

देल्फिनानं खिडकीबाहेर पाहिलं. जूनचं ऊन बदामाच्या बागेवर रणरणत होतं. उभ्या आयुष्यात जाणूनबुजून खोटी सही न करणारा माणूस जेर्मानोच्या टेबलाशी बसून, त्याच्यासाठी, त्याच्या बायकोशी खोटं बोलला होता.

जेर्मानोनं चमचा खाली ठेवला.

"उजेड होता," तो म्हणाला. "देल्फिना, जरा बस. तुला सांगतो, मग झुल्मिराकडे जाऊन तिलाही सांगायचंय."

देल्फिना बसली. नोर्बेर्तोनं मान वर केली नाही. दुखऱ्या हातानं तो पाव मोडत राहिला.