थँक्यू म्हणजे होकार नव्हे

शिक्षकांसमोर तोंड उघडायचं ते थँक्यू म्हणायला, हे समता आणि लोकेश दोघंही नागपुरातूनच शिकून आले होते. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये त्यांनी घर घेतलं, सायकली घेतल्या, इथल्या वाऱ्याला शिव्या घालायलाही शिकले, पण ही सवय काही सुटली नाही. शेवटी तीच त्यांना नडली.

त्यांची आठ वर्षांची तेजल घरात अखंड बडबडायची. शाळेत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. बोलायचीच तर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीशी, फ्लोरशी, तेही कानात. लॉकडाउनमध्ये शाळा स्क्रीनवर आली आणि तेवढंही बंद पडलं. मग शाळेने ऑनलाइन मीटिंग बोलावली. मुख्याध्यापिका गोड आवाजात म्हणाल्या, तेजलला दुसऱ्या गावातली विशेष शाळा बरी पडेल. समताला ते मुळीच पटलं नाही. तरी ती हसली, लोकेशही हसला, आणि दोघांनी एका सुरात थँक्यू म्हटलं. थोड्याच दिवसांत शाळेचा अहवाल आणि तेजलसाठी मदतीचा आराखडा आला. त्यात पालकांची संमती आहे, असं लिहिलं होतं.

समताचं डोकंच फिरलं. पोरीची एकुलती एक मैत्रीण तोडायला निघाले होते, आणि वर म्हणे आमची संमती!

लोकेशने एक वकीलबाई गाठली. फी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. बाई प्रामाणिक होती. जिंकलात तरी ही फी शाळेकडून परत मिळणार नाही, हेही तिने सांगून टाकलं. तिकडे नागपूरहून लोकेशच्या आईने, शोभाताईंनी, फोनवर बजावलं की मास्तरांशी वाकडं घेऊ नका, पोरीलाच भोगावं लागतं. लोकेशने लगेच तोच सूर धरला.

"सोड ना, समता. आपण इथे परमिटवर आहोत. आणि ते तिच्या भल्यासाठीच सांगतायत."

"तुझ्या आजोबांना वर्गाबाहेर बसवलं होतं ना," समता म्हणाली, "तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, त्यांच्या भल्यासाठीच."

लोकेशने पुन्हा परमिटचं नाव काढलं नाही.

शाळेशी वाद असेल तर पालकांना त्यासाठीच नेमलेल्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि तिथे वकिलाशिवाय, एक पैसाही न भरता उभं राहता येतं, हे समताने शोधून काढलं. वकील परवडत नाही ना, मग मीच बोलते, म्हणाली. कायदा वाचून काढला, डच भाषेशी झटापट केली, आणि ऑनलाइन सुनावणीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली.

शाळेने मात्र वकील आणला होता. तो फार सभ्यपणे म्हणाला की पालकांना सगळं समजावलं होतं, त्यांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट आभार मानले. समताचे कान तापले. रात्री जागून लिहिलेलं नम्र भाषण तिने बाजूला सारलं आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये सुरुवात केली.

"छडी मारणाऱ्या मास्तरांनाही आम्ही नमस्कार करतो. तो मान असतो, होकार नसतो. मदतीच्या आराखड्याला पालकांची संमती लागते, असं तुमचाच कायदा सांगतो. ती आम्हाला कुणी विचारलीच नाही. आज विचारा. माझं उत्तर आहे, नाही."

पडद्यावर आयोगाचे सदस्य लिहून घेऊ लागले. लोकेश सवयीने पुढे झुकला, थँक्यूसाठी त्याचे ओठ हललेही. पण समताने त्याआधीच माइक बंद केला होता.

आयोगाने पालकांची बाजू धरली. तेजल याच शाळेत राहील, आणि शाळेने पालकांना सोबत घेऊन नवा आराखडा करावा. वकिलाचं बिल शाळेने आपलं आपण भरलं.

वसंतात शाळा उघडली. मास्क लावून, खिडक्या सताड उघड्या टाकून मुख्याध्यापिकांनी नवा आराखडा पुढे ठेवला. तेजल फ्लोरच्या शेजारीच बसणार होती, आणि रोज एक मदतनीस तिच्यासाठी येणार होती. बाई पूर्वीसारख्याच गोड आवाजात बोलल्या, आणि थांबल्या. कशासाठी थांबल्यात ते समताला चांगलं ठाऊक होतं. लोकेशलाही होतं, कारण मास्कच्या आड त्याचं "थँक" इथपर्यंत आलंच होतं.

समताने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कागद आपल्याकडे ओढला.

"आधी वाचू दे," ती म्हणाली.