मेहुण्याची पँट

सासूबाईंना खुर्चीतून उठवायला जावयाचे दोन्ही हात लागत. गोळी दिली की त्या ती जिभेखाली दडवून खिडकीतल्या कुंडीत थुंकत, आणि स्वतःच्याच कपाळावर चढवलेल्या चष्म्याच्या चोरीचा आळ जावयावर घेत. वर, "जावईबापू, तुम्ही गाढव आहात," असं अगदी मानाने सुनावत. जावई शिंपी, मशीन घरातच. बायकोची नोकरी बाहेरची, त्यामुळे सासूबाई आपसूक त्याच्या पदरात पडल्या होत्या. त्याचं मागणं फार नव्हतं. मेहुण्याने रविवार तेवढा सांभाळावा, बस.

पण मेहुणा येणार म्हटलं की सासूबाईंचा नूरच पालटायचा. केस विंचरलेले, चष्मा नाकावर, आणि दार वाजताच स्वतःहून उठून उभ्या! मुलाची चौकशी, सुनेची चौकशी, मधूनच एखादा विनोद. तासाभराने मेहुणा निघायचा आणि म्हणायचा, "आई तर ठणठणीत आहे, भाऊजी! तुम्ही उगाच बाऊ करता." जावयाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी मात्र त्याची नजर मेहुण्याच्या पोटावर गेली.

"दादा, पँट फार काचतेय हो तुम्हाला. काढा, दोन मिनिटांत सैल करून देतो."

फुकटचं काम म्हटल्यावर मेहुणा लगेच टॉवेल गुंडाळून बसला. जावयाने कमरेची शिवण उसवली, तिथून उसवत उसवत थेट खाली गेला आणि कपाळावर हात मारला. "या रंगाचा दोराच संपला की! आलोच घेऊन." पँटचे दोन पाय मशीनवर वेगवेगळे ठेवून तो सटकला.

कोपऱ्यावर बसून त्याने सावकाश चहा घेतला. मग आणखी एक मागवला. कितीतरी महिन्यांनी चहा गरम असताना पोटात गेला होता. त्याला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

तो परतला तेव्हा घरात नुसता गोंधळ. सासूबाईंचं तासाभराचं अवसान केव्हाच गळालं होतं. मेहुणा ओल्या टॉवेलात फरशी पुसत होता, कुंडीत गोळी पडली होती, आणि सासूबाई खुर्चीतून ओरडत होत्या, "माझा चष्मा कुठे लपवलास? जावईबापूंना बोलाव आधी!"

मेहुणा रडकुंडीला आला होता. "भाऊजी, हे रोज असंच?"

"छे हो. रोज माझ्या अंगावर पँट असते."

रविवार तिथल्या तिथे ठरला. पँट शिवून झाली, मेहुणा गेला, तशा सासूबाई हळूच म्हणाल्या, "दोरा तर तुमच्या खिशातच होता."

जावयाने खिसा चाचपला. रिळाचं टोक बाहेर डोकावत होतं.

"मग त्याच्यासमोर बोलला का नाहीत?"

"नटूनथटून बसायचं म्हणजे जीव जातो हो माझा. पण पोटचा पोर पाहुण्यासारखा येतो, मग काय करणार? पाहुण्यासमोर असं कसं पडून राहायचं?"

रविवारी मेहुणा आला. सासूबाईंनी केस विंचरले नव्हते, खुर्चीतून उठायचा प्रयत्नही केला नाही.

"बघत काय उभा राहिलास, गाढवा? हात दे!"

चपला घालता घालता जावई थबकला. सुट्टी मिळाली खरी, पण ती शिवी आजवर त्याच्या एकट्याची होती. त्याला चक्क हेवा वाटला.

मेहुण्याने आधी कमरेचा पट्टा चाचपून पाहिला, आणि मग मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.